व्हिसा, स्टडी परमिट आणि पालकांनी स्वतः वाचायचे कागद

दादर-परळच्या पालकसभेत हल्ली बारावीनंतरच्या गप्पा निघाल्या की कुणीतरी म्हणतंच, "सर, कॅनडाचं बघतोय. एजंट म्हणाला, व्हिसाचं आम्ही बघतो." हे 'आम्ही बघतो' ऐकलं की मला जरा काळजी वाटते.

आधी शब्दांचा घोळ सोडवूया. व्हिसा म्हणजे देशाच्या दारातून आत जायची परवानगी, आणि स्टडी परमिट म्हणजे आत राहून शिकण्याची. कॅनडात हे दोन्ही वेगळे आहेत. व्हिसा पासपोर्टवर चिकटवून मिळतो, परमिट मात्र तिथे उतरल्यावर हातात पडतं. अमेरिकेत एफ-१ व्हिसा लागतो आणि त्यासाठी कॉलेजकडून आय-२० फॉर्म. नावं काहीही असोत, सगळ्याचं मूळ एकच : शिक्षणसंस्थेचं प्रवेशपत्र.

आणि तेच खोटं असेल तर? २०२३ मध्ये कॅनडातल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर (पंजाबातली मुलं त्यात जास्त होती) देश सोडण्याची वेळ आली, कारण एजंटनं दिलेली पत्रं बनावट होती. कित्येकांना हे कळलं ते शिक्षण संपवून कायम वास्तव्याचा अर्ज केल्यावर! त्यानंतर, १ डिसेंबर २०२३ पासून, तिथलं सरकार प्रत्येक पत्र थेट संस्थेकडून पडताळून घेऊ लागलं. मग आपण एक ईमेल करून विचारायला काय हरकत आहे? शेवटी अर्ज मुलाच्या नावावर असतो, एजंटच्या नाही.

दुसरा कागद पैशांचा. १ सप्टेंबर २०२५ पासून कॅनडासाठी (क्वेबेक प्रांत सोडून) एकट्या विद्यार्थ्याला २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात, आणि तेही पहिल्या वर्षाची फी व विमानभाडं सोडून. काही पालकांना ही नुसती अडवणूक वाटते. पण आपल्या परळचंच उदाहरण घ्या. बीआयटी चाळीत राहिलेले बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून, थोडे उसने घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले. परदेशात मध्येच पैसे संपले की काय होतं, ते यावरून समजतं.

म्हणून चार दिवसांसाठी कुणाचे तरी पैसे खात्यात फिरवून 'दाखवायचे', हा सल्ला ऐकू नका. खोटी माहिती सापडली तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो.

'तिथे काम करून भागवेल' हा हिशेबही जपून करा. कॉलेज चालू असताना बाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. शिवाय नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचं तर आधी नवं परमिट लागतं. त्यामुळे 'आधी कुठेही घेऊ, मग बदलू' असं कुणी सुचवलं, तर त्या कॉलेजचं नाव आणि अभ्यासक्रम मुलासोबत बसून तिथल्या सरकारी संकेतस्थळावर शोधा. पैसे त्यानंतर भरा.