डबीतले गाळणे

नळाच्या तोंडाला फडके बांधण्याची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या फडक्याचा एक गुण ठाऊक असेल. ते कधी लबाडी करीत नसे. पावसाळ्यात दोन घागरी भरल्या की ते तांबूस होई, चार घागरींना मातीचा थर धरी, आणि आजीने हाक मारण्याआधीच कोणीतरी ते सोडून, खळबळून, पुन्हा बांधून टाकी. गाळणे मळले आहे हे गाळणेच सांगे. आता तेच गाळणे आपल्या फ्रीजच्या पोटात एका बंद पांढऱ्या डबीत जाऊन बसले आहे, आणि मळल्याची वर्दी देण्याचे काम त्याने एका चिमुकल्या तांबड्या दिव्यावर सोपविले आहे.

दारातूनच पेलाभर गार पाणी देणारे हे मोठे फ्रीज कळंब्याच्या नव्या इमारतींतूनही दिसू लागले आहेत. परवा शेजारच्या वहिनींनी विचारले, "सर, दिवा लागला म्हणजे पाणी बिघडलं का हो?" प्रश्न साधा, पण नेमका होता. तो दिवा पाण्याकडे पाहतच नाही. डबी बसविल्याला किती दिवस झाले, किंवा तिच्यातून किती पाणी गेले, एवढेच तो मोजतो. म्हणजे तो वैद्य नव्हे, पंचांग आहे. दिवा लागण्याच्या आदल्या दिवशी पाणी अमृत होते आणि दुसऱ्या दिवशी विष झाले, असे काही घडत नाही. तसेच दिवा लागला नाही म्हणून सारे ठीक आहे, असेही नाही.

या डबीत असते तरी काय? बहुधा कोळसा. पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा, विशेष प्रक्रियेने सच्छिद्र केलेला. त्याच्या एका ग्रॅमच्या आतली छिद्रे उलगडून पसरली, तर पाचशे चौरस मीटरांहून अधिक जागा व्यापतील. पाण्यातला वास, चव बिघडविणारी द्रव्ये आणि क्लोरीन तो तेथे अडवितो किंवा निकामी करतो. आपल्या भाषेने या क्रियेला 'निस्यंदन' असा भारदस्त शब्द दिला आहे. तो परीक्षेच्या पेपरापलीकडे कोणी वापरीत नाही. 'गाळप' म्हणावे, तर कोल्हापुरात तो शब्द साखर कारखान्यांनी केव्हाच ताब्यात घेतला आहे! तेव्हा आपण 'गाळणे'च म्हणू.

हा कोळसा क्लोरीन काढतो, याचा अर्थ नीट ध्यानात घ्यायला हवा, आणि त्यासाठी पाणी घरापर्यंत कसे येते ते पाहावे लागते. कळंब्याचा तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराला पाणी देण्यासाठी बांधला गेला. कात्यायनीच्या डोंगराकडचे पावसाचे पाणी येथे साठे, आणि तलाव शहराहून उंचावर असल्यामुळे ते नुसत्या उताराने खाली जाई. पुढे शहर वाढले आणि पंचगंगेवरून उपसा सुरू झाला. २०२३ च्या दिवाळीत दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचे पाणी पन्नासाहून अधिक किलोमीटरांच्या नळातून शहराच्या वेशीशी आले. पाणी कोठलेही असो, तुरटीने निवळवून, वाळूतून गाळून, शेवटी त्यात क्लोरीन घालतात; खेडेगावात त्यालाच टीसीएल म्हणतात. हे औषध केंद्रात काम करून संपावे अशी अपेक्षा नसते. वाटेत नळ फुटला, गटाराचे पाणी आत शिरले, तर राखण करायला थोडे उरावे लागते. भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम.

आपली डबी नेमका हाच राखणदार दाराशी अडविते. पाणी चवीला गोड लागते ते म्हणूनच. पण डबीपुढच्या नळीत आणि टाकीत ते बिनपहाऱ्याचे असते. त्यात कोळसा जुना, ओलसर, अडकलेल्या द्रव्यांनी भरलेला. जंतूंना याहून चांगले बिऱ्हाड कोणते? सुटीत आठ-दहा दिवस घर बंद राहिले, तर बिऱ्हाड अधिकच वाढते. जुनी डबी म्हणजे थोडे कमी काम करणारी डबी, ही समजूत येथे फसते.

शिवाय साधी कोळशाची डबी जंतू मारणारी नव्हे, आणि विषाणू तर तिच्यातून सहज पार होतात. २०१२ मध्ये शेजारच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची भयंकर साथ आली, माणसे दगावली. तसल्या दिवसांत फ्रीजच्या दारातले पाणी घरच्या मुलांना आणि गर्भवतींना तसेच देऊ नये. उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळू द्यावे आणि झाकून निववावे. महापुरानंतरही तेच. २०१९ मध्ये उपसा केंद्रेच पाण्यात गेली आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. अशा वेळी पाणी परत येते ते गढूळ येऊ शकते, आणि सहा महिन्यांची डबी महिन्यातही तुंबते. धार बारीक झाली की दिव्याची वाट पाहू नये.

बदलणे मात्र सोपे आहे, आणि त्यासाठी माणूस बोलावण्याचे कारण सहसा पडत नाही. बर्फाचे यंत्र बंद करावे, खाली पंचा धरावा. डबी डावीकडे पाव फेरा फिरविली की बहुतेक फ्रीजमध्ये ती सुटते. काहींत नुसती ओढायची असते. नव्या डबीच्या रबरी कड्याला पाण्याचे बोट लावावे, तोंडाला हात लावू नये, घट्ट बसेपर्यंत फिरवावी. पुढचे काम घाईची माणसे टाळतात: पहिले दहा-पंधरा लिटर पाणी सोडून द्यायचे. त्यात कोळशाची काळसर पूड येते, मध्येच हवा फसफसते. घाबरू नये, पाणी कुंड्यांना घालावे. पहिला बर्फही टाकावा. मगच दिव्याची कळ दाबून त्याला नव्याने मोजायला लावावे. केवळ कळ दाबून दिवा विझविणारे महाभागही असतात! जुनी डबी धुऊन पुन्हा बसवू नये. ज्या फ्रीजमध्ये टाकी हाताने भरायची असते, त्यात पुष्कळदा गाळणे नसतेच; तेथे टाकी घासणे हेच काम.

मुदत साधारण सहा महिन्यांची. ती लक्षात राहावी म्हणून आमच्या घरी एक सोय केली आहे. दिवाळीच्या पाडव्याला एक डबी, अक्षय्य तृतीयेला दुसरी. मधले अंतर सहा महिन्यांचेच भरते. अधिक मास आला, तर तेवढे महिनाभर आधी.