शिकेकाई : नाव आणि गाव

वनस्पतीच्या नावावरून तिचे मूळ स्थान ठरविता येते काय, हा प्रश्न भाषाभ्यासक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांच्याही कक्षेत येतो. भोर तालुक्यातील आंबवडे या ग्रामनामात आंबा उघड दिसतो. त्यासाठी व्युत्पत्तिशास्त्राचे फारसे साहाय्य लागत नाही. परंतु सह्याद्रीच्या रानांत वाढणाऱ्या शिकेकाईचे नाव असे सरळ बोलत नाही. तिचे लोकनाम दक्षिणेकडे बोट दाखविते, तर शास्त्रीय नाम थेट आफ्रिकेकडे. या दोन साक्षी कितपत ग्राह्य धराव्यात, याचा येथे विचार करावयाचा आहे.

शिकेकाई हे झाडांवर चढणारे काटेरी झुडूप होय. खोडावरील व पानांच्या देठांवरील मागे वळलेले आकडे हेच तिचे चढण्याचे साधन. आकडा आधाराच्या फांदीत अडकतो आणि वेल खाली घसरत नाही. पाने बारीक दलांची, फुले बाभळीसारख्या गोंड्यांची, शेंगा मांसल परंतु वाळल्यावर सुरकुतणाऱ्या. शेंगांतील सॅपोनिन या द्रव्यामुळे पाण्यात फेस येतो व केसांचा मळ निघतो.

आता लोकनाम पाहू. मराठीत शिकेकाई, शिकाकाई अशी रूपे आढळतात. मराठीच्या अंगाने त्यांचा विग्रह होत नाही. कन्नडात मात्र ‘सीगे’ हे या झुडपाचे नाव असून ‘कायि’ म्हणजे कच्चे फळ किंवा शेंग. ‘सीगेकायि’ म्हणजे सीगेची शेंग. तमिळ व तेलुगू नावांतही हाच ‘काय’ आहे. मराठीने हा समास एकसंध शब्द म्हणून स्वीकारला, शेंगेचे नाव सबंध वनस्पतीला दिले आणि ईकारान्तामुळे त्यास स्त्रीलिंगी केले. सांधा विसरला गेल्यामुळे आपण ‘शिकेकाईची शेंग’ म्हणतो, तेव्हा वस्तुतः ‘शेंग’ हा अर्थ दोनदा उच्चारतो. केसांशी संबंध असल्याने हा शब्द संस्कृत ‘शिखा’शी जोडण्याचा मोह होतो, परंतु तेवढ्याने ‘काई’चा उलगडा होत नाही.

शब्द द्राविडी आहे, म्हणून वनस्पती महाराष्ट्रात बाहेरून आली असे मात्र ठरत नाही. शिकेकाई भारतात व आग्नेय आशियात विस्तृत प्रदेशावर रानटी वाढते. शब्द वस्तूच्या वापराबरोबर प्रवास करतो. वनस्पती तेथे आधीपासून असू शकते.

शास्त्रीय नामाची कथा याहून विलक्षण आहे. शिकेकाईचे पूर्वीचे नाव ‘अकेशिया कॉन्सिना’. ‘अकेशिया’ हा ग्रीक शब्द मुळात ईजिप्तमधील काटेरी वृक्षाचा, म्हणजे आपल्या बाभळीचाच वाचक होता. या अवाढव्य प्रजातीचे विभाजन अटळ ठरले, तेव्हा 2005 साली व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातील गटाकडे गेले; 2011 साली मेलबर्न येथे तो निर्णय कायम झाला. बाभूळ ‘व्हॅचेलिया’ झाली आणि शिकेकाई ‘सेनेगालिया रुगाटा’. ‘रुगाटा’ म्हणजे सुरकुतलेली. ‘सेनेगालिया’ हे नाव मात्र डिंक देणाऱ्या सेनेगल या आफ्रिकी जातीवरून आलेले. आफ्रिकेच्या विरळ रानांत सेनेगलपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत वाढणारे ‘सेनेगालिया अ‍ॅटॅक्साकॅन्था’ हे चढणारे काटेरी झुडूप शिकेकाईचे सगोत्र होय. त्याच्या नावाचा अर्थ ‘अस्ताव्यस्त काट्यांचे’ असा आहे. तात्पर्य, शास्त्रीय नाम गोत्र सांगते, गाव सांगत नाही.

हा भेद केवळ पांडित्याचा नव्हे. चिल्हार हे आपल्याकडील असेच काटेरी, कुंपणास उपयोगी पडणारे झुडूप. दक्षिण आफ्रिकेत ते उपद्रवी तण ठरले असून तेथे त्यास ‘मॉरिशस काटा’ म्हणतात. वस्तुतः त्याचे घर आशिया आहे. तणाचे नैसर्गिक शत्रू त्याच्या मूळ प्रदेशात शोधावे लागतात. नावावर विसंबणारा शोधक चुकीच्या बेटावर उतरेल. औषधांच्या बाबतीत तर धोका अधिकच. ‘सप्तला’ या संस्कृत नावाने कोणी शिकेकाई घेतात, तर कोणी शेराच्या गणातील चिकाळ वनस्पती. दोहोंचे गुणधर्म एक नव्हेत, आणि नावाच्या घोटाळ्याचे फळ रोग्यास भोगावे लागते.

म्हणून बोलींतील वनस्पतिनामांचा संग्रह करणाऱ्यांनी केवळ शब्द टिपून थांबू नये. नाव कोणत्या गावी, कोणाच्या तोंडी, वनस्पतीच्या कोणत्या अंगास उद्देशून वापरले जाते, हे नोंदवावे आणि फूल-शेंगेसह वाळविलेला नमुना जोडावा. शब्दाचा इतिहास आणि झुडपाचा इतिहास हे दोन स्वतंत्र इतिहास आहेत. ते कोठे जुळतात व कोठे फारकत घेतात, हे पाहण्यासाठी दोन्ही नोंदी हाताशी असावयास हव्यात.