प्रायमाक्विन कोणाला सोसते, कोणाला नाही

व्हायवॅक्स मलेरियाचा ताप क्लोरोक्विनने उतरतो. पण त्याचे काही जंतू यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांचा नायनाट करण्यासाठी भारतात १४ दिवस प्रायमाक्विन देतात. बहुतेकांना या गोळ्यांचा फारसा त्रास होत नाही. काहींची लघवी मात्र दोन-तीन दिवसांत काळसर होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागलेल्या असतात.

अशा लोकांच्या तांबड्या पेशींत ‘जी-६-पीडी’ हे एन्झाइम कमी असते, हे अमेरिकी संशोधकांनी १९५६ मध्ये दाखवून दिले. प्रायमाक्विनपासून शरीरात तयार होणारी द्रव्ये पेशींचे ऑक्सिडीकरण करतात. ग्लुटाथायोन हे द्रव्य पेशीला त्यापासून वाचवते; पण वापरले गेलेले ग्लुटाथायोन पुन्हा कार्यक्षम होण्यासाठी जी-६-पीडी लागते. इतर पेशींकडे यासाठी आणखी मार्ग असतात, तांबड्या पेशीकडे हा एकच. पेशीचे वय वाढते तसे त्यातले एन्झाइम घटते, म्हणून जुन्या पेशी आधी फुटतात.

या एन्झाइमचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषांत हे गुणसूत्र एकच असल्याने त्यातला दोष थेट प्रकट होतो. स्त्रियांत दोन असल्याने एकाच जनुकात दोष असेल, तर काही पेशी सक्षम आणि काही दुबळ्या असतात. त्रासही त्या प्रमाणात कमी-जास्त होतो.

जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही कमतरता आहे. मलेरियापासून ती काही अंशी संरक्षण देते, त्यामुळे मलेरियाग्रस्त प्रदेशांत ती टिकून राहिली. भारतात तिचे प्रमाण समाजागणिक बदलते. मुंबईच्या पारशी समाजातील कमतरतेचा अभ्यास १९६३ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

एरवी अशी व्यक्ती ठणठणीत असते, म्हणून औषधापूर्वी रक्ततपासणी महत्त्वाची. कमतरता आढळल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे प्रायमाक्विन देता येते. टॅफेनोक्विन या नव्या औषधाचा एकच डोस पुरतो. पण तो शरीरात बरेच दिवस राहतो आणि त्रास झाला तरी मागे घेता येत नाही. त्यामुळे ही तपासणी आधी सक्तीची आहे. डॅप्सोन आणि डांबरगोळ्यांतले नॅफ्थलीनही अशा व्यक्तींना घातक ठरू शकते.

पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील, तर मात्र तपासणी फसवी ठरू शकते. तेव्हा रक्तात उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त असते. अशा वेळी काही महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते.