परदेशी मुक्काम, नागपूरचा पत्ता

धरमपेठेतला मुलगा दोन वर्षांसाठी जर्मनीला शिकायला जातो, मानेवाड्यातलं जोडपं तीन वर्षांच्या नोकरीसाठी दुबईला जातं, तेव्हा कागदोपत्री पत्त्याचं काय करायचं, हा प्रश्न शेवटच्या आठवड्यापर्यंत बाजूलाच पडतो. मग कुणी काहीच न कळवता सगळीकडे नागपूरचा पत्ता तसाच चालू ठेवतो, तर कुणी इथला संबंध संपला असं धरून चालतो. दोन्हीत नुकसान आहे. घरचा पत्ता जपणं हा नागरिकाचा हक्क आहे, पण तो टिकतो खरं सांगितल्याने. ‘माझं घर नागपूरला आहे’ आणि ‘मी सध्या नागपूरला राहतो’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं खरं असलं म्हणून दुसरं खरं ठरत नाही.

कायद्यानेही हा फरक मानला आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० नुसार केवळ घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. तसंच तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवासीपण संपतही नाही. परदेशातल्या नागरिकांसाठी २०१० च्या दुरुस्तीने कलम २०-अ आलं. शिक्षण, नोकरी किंवा अन्य कारणाने देशाबाहेर असलेल्या आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेल्या व्यक्तीला पासपोर्टवरच्या भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदवता येतं. त्यासाठी नमुना ६-अ भरायचा असतो. म्हणून निघण्यापूर्वी पासपोर्ट उघडून पाहावा. त्यावर कधीच सोडलेल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता असेल, तर नोंदणीही त्याच जुन्या पत्त्याला बांधली जाते.

बँक आणि प्राप्तिकर खातं मात्र घर कुठे आहे यापेक्षा माणूस कुठे आहे हे पाहतात. नोकरीसाठी परदेशी गेलेल्याला परकीय चलन कायद्यानुसार साधं बचत खातं तसंच ठेवता येत नाही. ते अनिवासी, म्हणजे एनआरओ, खात्यात बदलून घ्यावं लागतं. प्राप्तिकराचा हिशेब मुख्यतः भारतात काढलेल्या दिवसांवर चालतो आणि त्यात १८२ दिवसांची मर्यादा कळीची असते. खात्यावर नागपूरचा पत्ता आहे म्हणून कुणी करासाठी निवासी ठरत नाही.

यावर एक व्यावहारिक आक्षेप घेतला जातो: गप्प राहून सामान्य मतदार यादीत नाव ठेवलं तर बिघडतं कुठे? बिघडतं असं की मतदार नोंदणीत जाणूनबुजून खोटं निवेदन करणं लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्याच कलम ३१ खाली गुन्हा आहे. शिवाय पडताळणीला आलेल्या कर्मचाऱ्यासमोर घरच्या म्हाताऱ्या माणसांना उत्तरं द्यावी लागतात. दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे: जो इथे राहत नाही, त्याने इथला प्रतिनिधी का निवडावा? जो परतणार आहे, ज्याचे आईवडील इथल्या दवाखान्यांवर आणि रस्त्यांवर अवलंबून आहेत, ज्याच्या इथल्या घरभाड्यावर इथेच कर लागतो, त्याचा या शहराशी संबंध तुटलेला नाही. भारत सरकारच्या परदेशातील नोकरीवर असलेल्या अधिकाऱ्याचा मायदेशीचा पत्ता कायदा मानतो आणि त्याला टपाली मतदानही देतो. मग त्याच शहरातल्या विद्यार्थ्याचा किंवा परिचारिकेचा संबंध कमी खरा कसा?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. नोंदणी झाली तरी मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. १९ एप्रिल २०२४ ला नागपुरात लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा दुबईतल्या नोंदणीकृत मतदाराला विमानाचं तिकीट काढल्यावाचून मत देता येत नव्हतं. प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा देणारं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण पुढे ते व्यपगत झालं. ही अडचण खरी आहे. पण ती नाव न नोंदवण्याचं कारण ठरू नये. नोंदणीच झाली नाही, तर हे मतदार आहेत कुठे, असं विचारून परदेशातून मत देण्याची मागणी बाजूला सारणं सोपं जातं. पासपोर्ट, बँक आणि करखात्याला खरी परिस्थिती सांगून नमुना ६-अ भरणारा नागपूरकर आपला पत्ता राखतो आणि परदेशातून मतदानाची सोय मागण्याचा आधारही भक्कम करतो.