गाडी थरथरते, पण सेकंदाला किती वेळा?

मराठी विभागासाठी तांत्रिक लेख दे, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न पडला की व्हायब्रेशनला मराठीत म्हणायचं काय? कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी सगळं घरातलं आणि गावातलं. डिक्शनरीत 'कंपन' मिळालं, पण माझ्या काकाचा शब्द मला जास्त पटतो : थरथर. तोच इथे वापरते. मेकॅनिकलवाल्यांनी 'हे आम्हाला येतं' म्हणून आणि कॉम्प्युटरवाल्यांनी 'हे आमचं नाही' म्हणून पान उलटू नये ही विनंती. बारावीचं फिजिक्स आणि साधा भागाकार, एवढंच लागतं.

विषय आहे मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांचा. अ‍ॅम्बॅसेडर २०१४ मध्ये बंद झाली, ओम्नी २०१९ मध्ये. पण गावाकडे ओम्नी आणि जुन्या जीपा अजून रोज कामाला जातात. या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढच्या भागात, आणि ताकद द्यायची मागच्या चाकांना. मग मध्ये एक लांब पोलादी नळी फिरते, तिचं नाव प्रॉपेलर शाफ्ट. मागची चाकं खड्ड्यात खाली-वर होतात, त्यामुळे शाफ्ट सरळ ताठ जोडून चालत नाही. म्हणून दोन्ही टोकांना यूजे क्रॉस असतात, आणि लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून शाफ्टचे दोन तुकडे स्प्लाइनवर एकमेकांत सरकतात.

कराडजवळ आमच्या गावी काकाची अशीच एक जुनी जीप आहे. पहाटे भाजी घेऊन मार्केटला जाणं, हे तिचं काम. गेल्या वर्षी ती पन्नासच्या पुढे थरथरायला लागली. साठला तर डॅशबोर्डवरचा गणपती नाचायचा. काकाने चाकं बॅलन्स करून घेतली, इंजिनचे माउंटिंग बदलले. फरक शून्य. मग सल्ला मिळाला की हौजिंग खोलू, पिनियनचं बेअरिंग बदलू, त्याने नाही गेलं तर गिअरबॉक्स बघू. खर्चाचा अंदाज ऐकून काका म्हणाला, "त्यापेक्षा विकून टाकतो." जीप गेली असती तर रोज भाड्याचा टेम्पो करावा लागला असता, आणि मग भाजीत राहतं काय?

आता मुद्दा. गाडीत फिरणारा प्रत्येक भाग वेगवेगळ्या गतीने फिरतो. त्यामुळे थरथर सेकंदाला किती वेळा होते हे कळलं, की गुन्हेगार कोण हे बरंचसं कळतं. पार्ट बदलून बघणे ही महागडी पद्धत आहे, मोजून बघणे ही फुकट.

पहिली पायरी, इंजिन की चाकांकडची बाजू? गाडी एकाच स्पीडला आधी टॉप गिअरमध्ये चालवा, मग तिसऱ्यात. तिसऱ्यात इंजिन जास्त फिरतं, पण शाफ्ट आणि चाकं तेवढीच फिरतात. थरथर बदलली तर संशय इंजिनवर. जशीच्या तशी राहिली तर गिअरबॉक्सच्या मागे शोधा. काकाच्या जीपला काहीच बदल झाला नाही, म्हणजे इंजिन सुटलं.

दुसरी पायरी, गणित. टायरवर आणि अंगणात खडूने खूण केली, जीप एक पूर्ण फेरी ढकलली आणि टेपने अंतर मोजलं : २.२ मीटर. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागाकार केला की चाक सेकंदाला ७.६ वेळा फिरतं.

मग शाफ्टचा हिशेब. पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं एक चाक जॅकने उचलून खाली स्टँड दिला, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवलं आणि शाफ्टच्या फेऱ्या मोजल्या : जवळजवळ ५. (दोन फेऱ्या का? दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असतं. डिफरन्शिअलचा क्राऊन दोन्ही चाकांच्या सरासरीने फिरतो, म्हणजे एकच फेरी.) तर साठला शाफ्ट सेकंदाला ३८ वेळा फिरतो.

यादी अशी तयार झाली. थरथर सेकंदाला ७-८ वेळा असेल तर चाक, रिम, टायर, ब्रेक ड्रम. ३८ वेळा असेल तर शाफ्टचा बॅलन्स गेला : नळीला पोचा, बॅलन्सचं वजन पडलेलं, चिकटलेला चिखल किंवा ढिला क्रॉस. ७६ वेळा, म्हणजे एका फेरीला दोनदा, तर शाफ्टच्या कोनांत गडबड.

मोजायला लॅबचं इन्स्ट्रुमेंट लागत नाही. प्रत्येक मोबाईलमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटर असतो आणि त्याचा स्पेक्ट्रम दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. फक्त सॅम्पलिंग सेकंदाला २०० च्या आसपास हवं. १०० असेल तर ५० हर्ट्झच्या वरचं खरं दिसत नाही, ७६ ची थरथर २४ ला असल्यासारखी भासते. सिग्नल्सच्या लेक्चरला जे झोपले नव्हते त्यांना नायक्विस्ट आठवेल! स्पीडही जीपीएसवर बघितला, कारण जुन्या स्पीडोमीटरवर भरवसा नाही. काकाने गाडी चालवली, मी मोबाईल फ्लोअरला डबल टेपने चिकटवून शेजारी बसले. रिकामा सरळ रस्ता, साठचा स्पीड. टोक दिसलं ते ७५ च्या आसपास. शेजारी ३८ ला एक छोटा उंचवटा. ७-८ ला काही नाही. चाकांवरचा खर्च वाया का गेला ते तिथेच कळलं.

फेरीला दोनदा का? यूजे क्रॉस म्हणजे आपल्या टीओएममधला हूक्स जॉइंट. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाचा. खुर्मी-गुप्ताच्या पुस्तकात त्याचं डेरिव्हेशन आहे, परीक्षेला सगळे पाठ करतात. त्याचा अर्थ एवढाच : जॉइंट कोनात वाकलेला असला की आत येणारी गती एकसारखी असली तरी बाहेर जाणारी गती एका फेरीत दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. १० अंशांच्या कोनाला हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का. ऐकायला किरकोळ, पण सेकंदाला ७६ वेळा दिलेले हे झटके सगळी बॉडी हलवतात.

मग नव्या गाडीत ते का जाणवत नाहीत? कारण दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चूक उलटी करून मिटवतो. पण त्याला दोन अटी आहेत. एक, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एकाच प्लेनमध्ये पाहिजेत. दोन, दोन्ही जॉइंटचे कोन सारखे पाहिजेत. पहिली अट मोडली तर झटके मिटत नाहीत. फोर्क ९० अंशांनी फिरले तर उलट ते एकमेकांत मिसळून वाढतात.

आता आठवलं की थरथर सुरू झाली ती क्रॉस नवीन टाकल्यानंतर. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. शाफ्ट काढून सपाट फरशीवर ठेवला, तर दोन टोकांचे फोर्क डोळ्याला दिसतील इतके तिरके. क्रॉस टाकताना कुणीतरी स्प्लाइन वेगळी केली आणि एक-दोन दाते सोडून पुन्हा घातली होती. काही शाफ्टला ती एकाच जागी बसेल अशी सोय असते, याला नव्हती. मिस्त्री म्हणाले, "पोरी, निशाणी मारल्याबिगर शाफ्ट उघडायचा न्हाय. माझ्या उस्तादानं शिकवलंय." त्यांना साइन-कॉस माहीत नाही, पण डेरिव्हेशनचं उत्तर चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

स्प्लाइन जुळवून, ग्रीस भरून शाफ्ट परत चढवायला दीड तास लागला. ७६ चं टोक जवळजवळ गायब. उरलेल्या ३८ साठी नळीवरचा वाळलेला चिखल खरवडला आणि होज पाईपच्या दोन क्लिपा लावल्या. त्यांचे स्क्रू थोडे थोडे फिरवत, दर वेळी चक्कर मारून, सगळ्यात कमी थरथर जिथे आली तिथे त्या घट्ट केल्या. खर्च : क्लिपा, ग्रीस, मिस्त्रींची मजुरी आणि चहा. जीप विकली नाही.

ज्यांच्या गाडीचे पाटे बदललेत किंवा वाढवलेत त्यांनी दुसरी अटही तपासावी. मोबाईलच्या अँगल अ‍ॅपने गिअरबॉक्सचा फ्लँज, शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज यांचे उतार मोजा. वजाबाकीतून दोन्ही जॉइंटचे कोन मिळतात. त्यांच्यात साधारण १ अंशाहून जास्त फरक नको. असला तर पाटे आणि हौजिंग यांच्यामध्ये पाचरीसारखं उतरतं पॅकिंग टाकून पिनियनचं तोंड वर-खाली करता येतं. क्रॉसच्या कपाजवळ तांबूस भुकटी दिसली तर आत ग्रीस संपलंय, तो क्रॉस बदलाच.

आणि थरथर 'चालतंय की' म्हणून सोडू नका. तिने ऑइल सील गळतात, बेअरिंग जातात, शेवटी क्रॉस तुटतो. शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी उलटू शकते. म्हणून तर काही गाड्यांना शाफ्टखाली लोखंडी कडं असतं. पण तपासताना घाई नको : नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, आणि इंजिनने शाफ्ट फिरत असताना तर कधीच नाही.

सुट्टीत घरी कुणाची जुनी गाडी थरथरत असेल तर पाना उचलायच्या आधी खडू आणि टेप घ्या. स्टाफपैकी कुणाची असेल तर मी शनिवारी रिकामी असते. फक्त आपल्या कॉलेजच्या बसचं विचारू नका. ती चाळीसच्या पुढे जातच नाही, मोजणार कधी?