गाव सोडलेल्या घरांतली मुलं

१९६०च्या दशकात ठाण्याची वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिच्या आसऱ्याने सातारा, कोकण, उत्तर प्रदेश अशा ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांनी भोवतीच्या वस्त्यांमध्ये संसार मांडले. अशा घरातलं थोरलं मूल वेळेआधी कर्तं व्हायचं. आईवडिलांना कारखान्यातली पाळी चुकवता येत नसे, म्हणून रॉकेलच्या रांगेत ते उभं राहायचं, रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव दुरुस्त करून आणायचं, शाळेतल्या धाकट्या भावंडाचा पालकही तेच व्हायचं. कोणाला भेटलं की काम होतं, हे त्याला मिसरूड फुटण्याआधी कळायचं. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या नेतृत्वाचा पिंड समजून घ्यायचा तर सुरुवात या रांगेपासून करावी लागते.

पक्षीय बरंवाईट बाजूला ठेवून एकनाथ शिंदे यांचा प्रवास या नजरेने पाहावा. मूळ गाव महाबळेश्वर तालुक्यातलं दरे. कुटुंब ठाण्यात आलं, शिक्षण अर्धवट सुटलं, पोटासाठी रिक्षा चालवली, किसननगरात शिवसेनेच्या शाखेचं काम केलं. टेंभी नाक्यावर शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांच्याकडे लोक नळजोडणीपासून घरगुती भांडणापर्यंत सगळं घेऊन येत. त्या तालमीत तयार झालेला कार्यकर्ता १९९७ साली नगरसेवक, २००४ साली आमदार आणि ३० जून २०२२ रोजी मुख्यमंत्री झाला. वेळी-अवेळी लोकांना भेटायचं, अर्ज हातात आला की समोरच फोन लावायचा, ही पद्धत त्या वस्तीतून आली आहे. रांगेत वाढलेल्या माणसाला रांगेतून सोडवणारा नेता आपला वाटणारच. पण या पद्धतीची मर्यादाही इथेच आहे. काम माणसामुळे झालं की कार्यालय होतं तिथेच राहतं आणि उद्या येणाऱ्याला पुन्हा कोणाला तरी गाठावंच लागतं.

त्यांच्या घरातली एक गोष्ट मात्र राजकारणापेक्षा बोलकी आहे. मुलगा श्रीकांत अस्थिरोगतज्ज्ञ झाला, २०१४ पासून तो कल्याणचा खासदार आहे आणि वडिलांनी आपली राहिलेली पदवी मंत्री असताना यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घेतली. आपलं राहिलं ते मुलाने करावं, ही इच्छा या पट्ट्यातल्या घराघरांत आहे. स्वतःचं राहिलेलंही पुन्हा हाती घेणारे पालक त्या मानाने थोडे.

डोंबिवलीचं स्थलांतर वेगळं. गिरगाव-दादरच्या चाळीतली खोली अपुरी पडली तशी मध्यमवर्गीय कुटुंबं इकडे ब्लॉक घेऊन आली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि नंतरच्या वर्षांत अनेकांनी परळ-लालबागची जागा विकून दिवा, डोंबिवली, कल्याण गाठलं. नोकरी मुंबईतच राहिली. पुढे १९९२ मध्ये कल्याणहून महिलांसाठी खास लोकल सुटू लागली, इतक्या बायका रोज पहाटे डबे भरून निघत होत्या. शेजारची काकू, पाळणाघर आणि पोळी-भाजी केंद्र यांनी डोंबिवलीची एक पिढी वाढवली, हे कृतज्ञतेने नोंदवलं पाहिजे. गळ्यात किल्ली अडकवून शाळेतून घरी येणारी ही मुलं स्वावलंबी झाली. त्यांच्यावर मार्कांचं ओझंही तेवढंच पडलं, कारण लोकलमध्ये लोंबकळून काढलेल्या वर्षांचा हिशेब आईबाप निकालाच्या दिवशी मांडत. ती मुलं आता पुणे, बंगळुरू, न्यू जर्सीत स्वतः पालक आहेत.

डोंबिवलीने नेतृत्वाची राजकारणाबाहेरची वाटही दाखवली. कर्नाटकातून आलेल्या पुंडलिक पै यांनी १९८६ साली मोजक्या पुस्तकांनिशी फ्रेंड्स लायब्ररी सुरू केली आणि मराठी वाचकांना हक्काचं ठिकाण दिलं. १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघाली. ज्यांची जत्रा गावी राहिली होती, त्यांनी नवी जत्रा उभी केली. तिचं नियोजन करता करता कित्येक तरुण माणसं जोडायला शिकले.

याच पट्ट्यात या सगळ्याच्या आधी, फाळणीनंतर, कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिचं उल्हासनगर केलं. बराकीत वाढलेल्या मुलांचं शिक्षण दुकानाच्या गल्ल्यावरही झालं. व्यवहार आणि जोखीम लहानपणीच अंगवळणी पडली.

हे सगळे निदान छपराखाली तरी आले. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली मराठवाड्याच्या दुष्काळातून आलेली कुटुंबं राहत होती आणि त्यांची मुलं सिग्नलवर गजरे, खेळणी विकत होती. जून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठाने ठाणे महापालिकेच्या साथीने पुलाखालीच, कंटेनरमध्ये, सिग्नल शाळा सुरू केली. शाळेत आल्यावर मूल आधी आंघोळ करत होतं, जेवत होतं, मगच पाटी. मुलाची कमाई थांबली तर चूल कशी पेटायची, हा त्या आईबापांचा प्रश्न खोटा नव्हता. तरीही त्यांनी मुलं पाठवली. पालकत्वातला एवढा मोठा निर्णय सुस्थितीतल्या घराला क्वचितच घ्यावा लागतो. २०१९ साली इथली दोन मुलं दहावी उत्तीर्ण झाली.

कल्याण स्थानकाबाहेर आणि शीळ फाट्याच्या वाटेवरही मुलं गाड्यांमधून वस्तू विकत फिरतात. शाळा त्यांच्यापर्यंत नेता येते, हे ठाण्याने पुलाखाली करून दाखवलं आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेनेही ते आता हाती घ्यावं.