ड्रोन आधी काट्यावर ठेवा
कायदा आपल्या दारी : भाग 6

तुमसरचा एक ओळखीचा कॉलेजकुमार परवा ड्रोन घेऊन घरी आला. खोक्यावर वजन छापलेलं होतं 249 ग्रॅम. "काका, अडीचशेच्या आत आहे. म्हणजे काही भानगड नाही ना?" मी त्याला सराफाच्या दुकानात नेलं. तो ड्रोन जसा उडवतो तसाच काट्यावर ठेवायला लावला. आत बॅटरी, पात्यांभोवती प्लास्टिकच्या जाळ्या, पोटाला चिकटवलेला छोटा दिवा. काटा 291 वर थांबला आणि पोराचा चेहरा उतरला.

ऑगस्ट 2021 मध्ये लागू झालेले ड्रोन नियम खोक्यावरचा आकडा बघत नाहीत, अंगावरच्या सगळ्या सामानासकट होणारं वजन बघतात. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो. नॅनो उडवायला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, विमाही लागत नाही. जाळ्या लावल्या आणि या पोराचा ड्रोन मायक्रो झाला.

यात घाबरण्यासारखं काही नाही, पण इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. लोक सगळ्यालाच 'लायसन' म्हणतात. मोटारसायकलचं आरसी बुक वेगळं आणि आपलं लायसन वेगळं, तसंच इथेही आहे. नोंदणी यंत्राची होते. ती ऑनलाइन करायची, शुल्क 100 रुपये, आणि ड्रोनला स्वतःचा क्रमांक मिळतो. ड्रोन विकला तर नोंदणीही नव्या मालकाच्या नावावर करून द्यायची. प्रमाणपत्र मात्र उडवणाऱ्या माणसाचं. मायक्रो ड्रोन निव्वळ हौसेसाठी उडवणाऱ्याला ते लागत नाही. त्याने नोंदणी करायची आणि तिसऱ्या पक्षाचा विमा काढायचा.

हौस कुठे संपते? आपल्याकडे लग्नसराईत संपते. मित्र म्हणतो, मांडवावरून दोन शॉट घे, पाचशे रुपये देतो. ते पाचशे हातात पडले की काम व्यावसायिक झालं, आणि मायक्रोलाही प्रमाणपत्र हवं. त्यासाठी वय 18 ते 65, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. एकदा मिळालं की 10 वर्षं चालतं. धानावर फवारणी करणारा टाकीवाला ड्रोन मायक्रोच्या वजनात बसतच नाही, त्यामुळे तिथे प्रमाणपत्राला पर्याय नाही. दुबईच्या मामाकडून ड्रोन मागवायचा बेत असेल तर तो सोडा. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे.

भंडाऱ्यात विमानतळ नाही, म्हणून आभाळ मोकळं आहे असं समजू नका. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे कळायला ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा उघडावा लागू नये. कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही जंगलं वन्यजीव विभागाच्या ताब्यातली. परवानगीशिवाय तिथे ड्रोन काढू नये. आणि सारसाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. आपल्या जिल्ह्यात हे पक्षी बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीतच घरटं करतात. ती बांधी अभयारण्यात नसेल, नकाशावर हिरव्या, म्हणजे मोकळ्या पट्ट्यातही असेल, तरी अंड्यांवर बसलेल्या मादीच्या डोक्यावर घोंघावणारं यंत्र नेणं हा माझ्या लेखी गुन्हाच आहे. हिरवा, पिवळा, लाल हे पट्टे नेमके कसे वाचायचे, हिरव्यातही 120 मीटरच्या वर का जायचं नाही, हे पुढच्या भागात बघू.

पोरगा थोडा वेळ गप्प होता. मग जाळ्या उपटायला लागला. "काढून टाकतो काका. वजन उतरलं की झालं."

"उडवणार कुठे आहेस?"

"ताईच्या हळदीत, अंगणात."

"तिथे लहान पोरं खाली धावत असतील ना?"

त्याने निघालेली एक जाळी पुन्हा खटकन बसवली. मग मोबाइल काढून विम्याला किती लागतात ते बघू लागला.